नकाशातला रिकामा चौकोन

आमच्या प्रत्येक भुयाराचे दोन नकाशे असायचे. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. त्याचा शाईचा, आधीच पुरा झालेला, पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवलेला. माझा पेन्सिलीचा, तो बोलेल तसा वाढत जाणारा. तो म्हणायचा, ‘‘उत्तरेला तीस फूट गल्ली, मग उजवीकडं वळण,’’ की मी ग्राफ पेपरवर तीन चौकोन वर जाऊन उजवीकडे वळायचे. एक चौकोन म्हणजे दहा फूट. आम्ही आत हरवणार की जिवंत बाहेर येणार, ते त्या पेन्सिलीवर असायचं.

तो आणि मी तंत्रनिकेतनात एका वर्गात होतो, स्थापत्याच्या पदविकेला. पुढे तो सरकारी भूकरमापक झाला, म्हणजे शेताशेतांतून फिरून हद्दी मोजणारा माणूस. मी आयटीआयमध्ये पोरांना आराखडे काढायला शिकवू लागले. मधली काही वर्षं नुसती रस्त्यात भेट व्हायची. मग एकदा तो माझ्या वर्गाच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘तुझ्याकडं ग्राफ पेपर आसतेल बग. चार-पाच दे, आन् रविवारी दुपारी मोकळी ऱ्हा.’’

पुण्यात रद्दीच्या ढिगात त्याला एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. त्यातला हा खेळ. एकजण भुयार रचतो, तिथले राक्षस, सापळे, खजिना ठरवतो. बाकीचे आपापलं एक पात्र घेऊन त्यात उतरतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. तो सांगणार समोर काय दिसतंय, आम्ही सांगणार आम्ही काय करतो. नशिबाचा प्रश्न आला की फासे टाकायचे. भुयार रचायला अर्थातच तो. खेळायला आम्ही तिघं: मी, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका, आणि ज्याच्या दुकानात आम्ही बसायचो तो झेरॉक्सवाला. परभणीत स्टेशनच्या रस्त्याला त्याचं दुकान. रविवारी ते बंद असायचं. शटर अर्धं खाली ओढून, आतला पंखा लावून आम्ही दोन ते पाच खेळायचो. झेरॉक्सवाला योद्धा, काका चोर, मी मशाल धरणारी जादूगारीण. सहा वर्षं आम्ही असे खेळलो.

त्याच्या भुयारांना परभणीचाच वास असायचा. पुस्तकातल्या किल्ल्यांचं त्याला काही पडलं नव्हतं. पहिल्या भुयारात आम्ही उतरलो ते ज्वारीच्या पेवातून. शेतात जमिनीखाली धान्य साठवायचा तो खड्डा आमच्या आजोबांच्या पिढीत गावोगाव होता. झेरॉक्सवाल्याचा योद्धा तलवार उपसून थेट आत उडी मारायला निघाला, तेव्हा काकांनी त्याला थांबवलं. ‘‘आधी दिवा सोडा दोरीनं. इझला तर उतरू नगा. पेवातल्या हवेनं माणूस मरतंय.’’ दिवा सोडला. विझला. तो आडोशामागून हसला आणि काकांच्या चोराला जास्तीचे गुण दिले. दुसरं एक भुयार बारवेच्या पायऱ्यांखालून सुरू होत होतं. तिसऱ्यात शिरायची वाट एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीच्या तळातून होती.

नकाशा काढण्याबद्दल त्याची मतं ठाम होती आणि तो ती मला ऐकवायचा, कारण ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. एकच वाट असलेलं भुयार म्हणजे बोळ, असं तो म्हणायचा. वाटा फिरून एकमेकींना मिळाल्या पाहिजेत, म्हणजे पुढून आलेल्या राक्षसाला मागून गाठता येतं आणि पळणाऱ्यालाही जागा मिळते. वर-खाली जायला तीन तरी जिने हवेत, त्यातला एक असा की जो दोन मजले चुकवून थेट खोल नेईल आणि गाफील माणसाची गाळण उडवेल. दर तीन खोल्यांमागे एक खोली रिकामी हवी. मी विचारलं, रिकामी कशाला? तो म्हणाला, ‘‘प्रत्येक खोलीत कायतरी आसलं तर माणूस भ्यायचं सोडून देतंय. रिकाम्या खोलीत त्याचं त्यालाच ऐकू येतंय.’’

आणि प्रत्येक भुयारात एक आवाज असायचा.

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा आम्ही पेवाखालच्या दुसऱ्या मजल्यावर होतो. एका गल्लीतून चाललो होतो आणि तो नेहमीच्याच सुरात म्हणाला, ‘‘भिंतीपलीकडून दोरी करकरल्याचा आवाज यायलाय. थांबून थांबून. एका लयीत.’’ आम्ही भिंत ठोकली. काकांच्या चोराने छुपं दार शोधलं, फासे टाकले, चांगले पडले, तरी दार मिळालं नाही. वळसा घालून पलीकडच्या गल्लीत गेलो तर तिथेही तोच आवाज, पण आता या बाजूने. पुढच्या भुयारात, बारवेखाली, पुन्हा. त्याच्या पुढच्यातही. झेरॉक्सवाल्याने एकदा विचारलं, ‘‘सर, ह्या दोरीला फाशी गेलेलं भूत हाय काय?’’ त्याचा चेहरा इतका उतरला की झेरॉक्सवाल्याने पुन्हा तो विषय काढला नाही. आम्ही तो आवाज भुयाराचा भागच समजायला लागलो. पण मी घरी स्वयंपाक करताना, पंखा कुरकुरला तरी, हात थांबवून ऐकायचे. खोटं का बोलू, एकटी असताना मला त्याची भीती वाटायची.

तो गेला तेव्हा आम्ही अकराव्या भुयारात अर्ध्यावर होतो. पाथरीकडच्या एका गावात मोजणी चालू होती. छातीत कळ आली म्हणून तो बांधावर बसला आणि तिथेच गेला. वय पंचेचाळीसही नव्हतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही तिघं गेलो, मागच्या रांगेत बसलो. बुद्धवंदना म्हणताना काका मध्येच थांबले.

महिनाभराने त्याची बायको माझ्याकडे आली. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे, कमी बोलणारी. तिने कापडी पिशवीतून एक जाड फाइल काढली आणि म्हणाली, ‘‘ताई, हे तुमच्याच कामाचं. आमच्या घरात कुणाला कळत नाही.’’

फाइलमध्ये अकरा भुयारं होती. प्रत्येकाचा शाईचा नकाशा, सोबत क्रमांक घातलेल्या खोल्यांची यादी: कोणत्या खोलीत काय आहे, कोणता सापळा कशाने उघडतो. ती गेल्यावर मी माझे पेन्सिलीचे नकाशे काढले आणि एकेक करून त्याच्या नकाशाशेजारी ठेवले. चुका फार नव्हत्या. एका ठिकाणी मी जिना उलटा काढला होता. एका ठिकाणी गल्ली दहा फूट लांबली होती. पण एक गोष्ट मला पहिल्यांदाच दिसली. माझ्या पुऱ्या झालेल्या प्रत्येक नकाशात, कुठेतरी खालच्या मजल्यावर, एक चौकोन रिकामा राहिला होता. चारही बाजूंनी गल्ल्या आणि मध्ये फक्त एक चौकोन. खेळताना मी तो खांब किंवा जाड भिंत समजून सोडून दिला होता.

त्याच्या नकाशात तो चौकोन रिकामा नव्हता. आत बारीक टोकाच्या पेनने एक खोली काढली होती, इतकी लहान की भिंग घेऊन बघावी लागली. दहा फुटांच्या चौकोनात मावणारी, नऊ फूट बाय सात. तिला क्रमांक नव्हता. यादीत तिच्याबद्दल अक्षर नव्हतं. दाराची खूण पूर्वेला होती, पण ते दार कुठेच उघडत नव्हतं, समोर भिंतीचा दगडच. आत दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी एक झुकलेली रेघ. अकराही नकाशांत तेच. तेच माप, तेच दार, तेच दोन ठिपके. ज्या माणसाने आयुष्यात एकसारख्या दोन खोल्या काढल्या नाहीत त्याने ही एक खोली अकरा वेळा काढली होती. पाचव्या नकाशाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं होतं: दार चार फूट. वाकून.

मी पोरांना हेच शिकवते. मनाने रचलेल्या खोलीची मापं दहा बाय दहा, बारा बाय दहा अशी ढोबळ येतात. नऊ बाय सात आणि चार फुटांचं दार हे कुणीतरी मोजलेलं असतं. ती खोली खरी होती.

मी तो नकाशा काकांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि लगेच म्हणाले, ‘‘ही तर कोपी हाय.’’ ऊसतोडीला गेलेले लोक फडाजवळ उसाच्या पाचटाची जी झोपडी उभारतात, ती. ‘‘तीस वर्सं गाडीच्या खिडकीतनं बगितल्यात मी. आन् ह्ये दोन मेढी, खांब म्हना. मधी झोळी बांधतेत लेकराला.’’

त्याचे आईवडील ऊसतोडीला जात, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे त्याने काही सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

त्याची आई राणीसावरगावाजवळच्या एका वस्तीवर राहते. त्याची बायको तिला भेटायला जाणारच होती. मी बरोबर निघाले. गंगाखेडपर्यंत एसटी, पुढे जीप. वाटेत मी तिला नकाशे दाखवले आणि काका काय म्हणाले तेही सांगितलं. तिने नकाशे घडी घालून माझ्या हातात दिले. मग म्हणाली, ‘‘आमची मुलगी झाली तेव्हा माझ्या आईने पाळणा आणला होता. यांनी तो परत पाठवला. झोळीही बांधू दिली नाही. मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत खाली सतरंजीवर झोपली. मी कारण विचारलं तर म्हणाले, दोरीचा भरवसा नसतो. मला वाटलं, कामात कुठेतरी काही बघितलं असेल.’’

म्हातारी अंगणात शेंगा फोडत बसली होती. सुनेला जवळ घेऊन थोडं रडली. मग आम्हाला चहा झाला. मी नकाशाचा कागद काढला नाही. मला ते बरं वाटेना. मी नुसतं विचारलं, ‘‘आई, तो लहानपणी तुमच्याबरोबर फडावर असायचा का?’’

‘‘आसायचा की. कुणाजवळ ठिवावं?’’ ती म्हणाली. तिचे हात शेंगा फोडतच होते. ‘‘त्याच्या पाठची एक पोरगी व्हती. तान्ही. तिकडंच झाली, फडावर. नाव बी ठिवलं न्हवतं, म्हणलं गावाकडं गेल्यावर ठिवू. तिला ताप आला. ह्यो तवा सा-सात वर्साचा. म्या म्हणलं, झोळी हलीव, थांबू नगं, थांबलास की ती उठंल. मी दुपारच्याला येते. आन् आमी गेलो तोडीला.’’

तिने पुढ्यातली टरफलं बाजूला सारली. सून तिच्याकडे बघत होती.

‘‘आमी आलो तवा दिस कलला व्हता. ह्यो दोरी वढायलाच व्हता. हात सोलून निगाले व्हते त्येचे. मला म्हणला, आई, हळू बोल, आत्ताच झोपलीय, लय येळ रडत व्हती.’’ म्हातारीने हातातली शेंग तशीच खाली ठेवली. ‘‘पोरगी कवाची थंड पडली व्हती. सकाळीच गेली आसंल. त्येला कळलं न्हाई. त्यो दिसभर हलवायलाच.’’

‘‘मग त्यांना सांगितलं कुणी?’’ सुनेने विचारलं.

‘‘कोण सांगंल? त्येच्या बापानं पोरीला उचलून नेलं. ह्यानं दोरी सोडली न्हाई, तर म्या हात धरून सोडिवली. फुडं त्यानं कदी इचारलं न्हाई. आमी बी त्या गोष्टीचं नाव काढलं न्हाई. शाळंत हुशार निगाला. मला वाटलं इसरला.’’

परतीच्या जीपमधून गंगाखेडला उतरल्यावर ती म्हणाली, ‘‘पंधरा वर्षं मी यांच्या शेजारी झोपले, ताई.’’ एवढंच. मग परभणीची गाडी लागली.

इकडे काका आणि झेरॉक्सवाला माझ्या मागे लागले होते. भुयार अर्ध्यावर सोडणं त्यांना पटत नव्हतं. ‘‘सरांची यादी हाय, नकाशा हाय. तुमी चालवा, मॅडम,’’ झेरॉक्सवाला म्हणाला. मी आधी नाही म्हटलं. मला ठाऊक होतं की उरलेल्या वाटेवर तो चौकोन आहे. पण शेवटी हो म्हणाले, आणि त्याच्या बायकोला कळवलं, कारण तिच्या माघारी ते करणं मला चोरी वाटलं असतं. तिने फोनवर विचारलं, ‘‘मी आले तर चालेल का?’’

त्या रविवारी ती आली. झेरॉक्सवाल्याने तिला स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः कागदांच्या खोक्यावर बसला. माझी जादूगारीण मी तिच्या हवाली केली. मी आडोशामागे, त्याच्या जागी. समोर त्याचं अक्षर. यादीत एका गल्लीपुढे लिहिलेलं होतं: इथं दोरीचा आवाज. कुठून येतो ते सांगायचं नाही.

दोन खोल्या, एक सापळा, एक राक्षस असं होत होत ते त्या गल्लीत आले. मी वाचलं, ‘‘भिंतीपलीकडून दोरी करकरल्याचा आवाज येतोय.’’ माझा आवाज मला परका वाटला. काकांनी सवयीने फासे उचलले. झेरॉक्सवाला म्हणाला, ‘‘सोडा ओ काका, तिथं काय नसतंय. फुडं चला.’’

‘‘मी पूर्वेच्या बाजूला जाते,’’ ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. खेळाच्या नियमाने मी फक्त भिंत आहे असं म्हणायला हवं होतं. त्याने दार असं काढलं होतं की ते उघडू नये. माझ्या हातात त्याचा नकाशा होता आणि त्याने मला तो बदलायला सांगितलं नव्हतं.

‘‘पूर्वेला भिंत आहे,’’ मी म्हणाले. ‘‘पण खाली हात लावला तर पाचट लागतंय.’’

‘‘मी वाकते आणि आत जाते.’’

काकांनी फासे खाली ठेवले. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. पण तीस वर्षं माणसांचे चेहरे बघितलेला माणूस तो.

‘‘आत काय आहे?’’ तिने विचारलं.

यादीत काही नव्हतं. मी म्हणाले, ‘‘लहान जागा आहे. दोन मेढी. मध्ये झोळी. एक सहा-सात वर्षांचा मुलगा दोरी ओढतोय. तुम्हाला बघून तो म्हणतो, हळू बोला, आत्ताच झोपलीय.’’

ती टेबलाकडे बघत बसली होती. मला वाटलं ती उठून जाईल, आणि गेली असती तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

‘‘मी त्याच्याजवळ बसते,’’ ती हळू म्हणाली. ‘‘त्याला म्हणते, तुझे हात दाखव. आता सोड. मी धरते दोरी.’’

‘‘तो सोडत नाही,’’ मी म्हणाले. मला खोटं बोलता आलं नाही.

‘‘मग मी त्याच्या हातावर हात ठेवते आणि त्याच्याबरोबर ओढते. तो म्हणेल तोपर्यंत.’’

पुढे काय झालं हे मी सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. झेरॉक्सवाला काहीतरी विचारणार होता, काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. शेवटी तीच म्हणाली, ‘‘चला पुढे. या दोघांच्या पात्रांना थांबवून ठेवू नका,’’ आणि तिने डोळे पुसले. भुयार आम्ही त्याच दिवशी संपवलं. शेवटच्या खोलीत एक दगडी सिंहासन होतं आणि त्यावर कुणीच नव्हतं. झेरॉक्सवाला जरा नाराज झाला.

मी ते केलं हे बरं की वाईट, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. काही दिवस वाटतं, तो सहा वर्षं आम्हाला त्या भिंतीभोवती फिरवत होता ते कुणीतरी ठोकून ठोकून आत यावं म्हणूनच. काही दिवस वाटतं, त्याला फक्त एवढंच हवं होतं की आवाज आणखी कुणाच्या तरी कानावर पडावा, आणि दार मी माझ्या समाधानासाठी फोडलं. विचारायला तो नाही. वर्गात पोरं आराखडे काढत असतात, सगळं चिडीचूप असतं, आणि मला पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मी वळत नाही. असू दे.

त्याची बायको आता बहुतेक रविवारी येते. तिने मशालवाली जादूगारीण ठेवून घेतली आहे आणि ती काकांपेक्षा सावध खेळते. म्हातारीला तिने वस्तीवरून परभणीला आणलं. मागच्या महिन्यात तिघींनी, म्हणजे सासू, सून आणि नातीने, बसून त्या तान्हीसाठी एक नाव ठरवलं. मला सांगितलं, पण ते त्यांच्या घरातलं आहे, मी इथे लिहीत नाही.

नवीन भुयार झेरॉक्सवाला काढतोय. त्याच्या गल्ल्या नको तितक्या रुंद आहेत आणि जिने कुठेही निघतात. परवा त्याने मला कागद दाखवून विचारलं, ‘‘मॅडम, ह्या नदीखालनं वाट काढली तर पाणी आत येईल का ओ?’’ मी म्हटलं, येईल. तो खोडरबर शोधायला लागला.